जुन्या डच रेखाचित्रातलं खेड्यातलं चर्च: धर्मचिन्हं कोणत्या क्रमाने वाचावीत

शेंड्यावर कोंबडा दिसला, अंगणात वठलेलं झाड दिसलं, की पुढच्याच ओळीत लिहिलं जातं: कोंबडा म्हणजे पेत्राचा नकार (कोंबडा आरवण्याआधी या शिष्याने ख्रिस्ताला ओळखत नसल्याचं सांगितलं), झाड म्हणजे मृत्यू, मनोरा म्हणजे स्वर्गाची ओढ. चिन्हांचा कोश हाताशी घेऊन केलेलं हे वाचन सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच रेखाचित्रांच्या बाबतीत वारंवार फसतं. कागदावरची सगळी चिन्हं चित्रकाराने निवडली असं त्यात धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात काही चिन्हं गवंड्यांनी तीनशे-चारशे वर्षं आधी बसवलेली असतात, काही धर्मसुधारणेनंतरच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट चळवळीनंतरच्या, मंडळीने (चर्चच्या उपासक समुदायाने) लावलेली किंवा मुद्दाम काढून टाकलेली असतात. चित्रकाराच्या स्वतःच्या पदरात उरतात ती थोडीच. म्हणून ‘याचा अर्थ काय’ हे विचारण्याआधी ‘हे इथे कोणी ठेवलं’ हे विचारायचं. खालचा सगळा क्रम याच प्रश्नासाठी लावलेला आहे.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण होते. आपल्या डोळ्यांपुढे चर्च म्हटलं की गोवा किंवा वसई येते: पोर्तुगीज कॅथलिक बांधणी, कोनाड्यांतले संत, सोनेरी वेदी. १६०० नंतरच्या डच खेड्यातलं मनोऱ्याचं चर्च बहुधा रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनपंथी मंडळीच्या ताब्यात असतं. तिथल्या मूर्ती हटवलेल्या, वेदी काढलेली, भिंतींना चुना दिलेला. अशा चित्रात जे नाही त्याचीही नोंद करावी लागते.

## तयारी

चित्र मोठ्या आकारात हवं. फोनवर फिरत आलेली, कडा कापलेली प्रत उपयोगाची नाही. शेंड्यावर क्रॉस आहे की झेंडी, हे ठरवणारा भाग मूळ कागदावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आपल्या संग्रहातल्या असंख्य चित्रांच्या मोठ्या फाइल मोफत उतरवू देतं. उट्रेक्ट आणि हार्लेम इथल्या प्रांतिक अभिलेखागारांत त्या त्या भागातल्या खेड्यांची चित्रं मिळतात. हेगमधली आरकेडी ही संस्था चित्रकारांच्या आणि चित्रांच्या नोंदी ठेवते.

हाताशी एवढं ठेवा: ए-३ आकाराची छापील प्रत, ट्रेसिंग पेपर, दोन रंगांच्या पेन्सिली, पट्टी, आणि चार रकान्यांचा तक्ता. रकाने असे: काय दिसतं, कोणी ठेवलं, पुरावा काय, खात्री किती. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द वापरायचे: पक्की, संभाव्य, अंदाज. चौथा शब्द आला की लोक त्यात लपतात.

चित्राकडे पाहण्याआधी संग्रहालयाची नोंद उतरवून घ्या: चित्रकार, साल, माध्यम, मिलिमीटरमधला आकार, पुढचा आणि मागचा मजकूर, नोंदणी क्रमांक. मागच्या बाजूला पुष्कळदा गावाचं नाव किंवा ‘पूर्वेकडून’ असा शेरा असतो. तो कोणाच्या हस्ताक्षरात आहे हेही महत्त्वाचं, कारण नंतरच्या संग्राहकांनी असे शेरे बेधडक लिहिले आहेत. चित्राचं शीर्षक संग्रहालयाने दिलेलं असतं. ‘भग्न चर्च, संध्याकाळ’ असं शीर्षक असेल तर ‘संध्याकाळ’ हे कुणा अभिरक्षकाचं मत समजा.

सावधान: कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारं जलचिन्ह धर्मचिन्ह नव्हे. विदूषकाची टोपी किंवा अ‍ॅमस्टरडॅमची ढाल ही त्या काळच्या कागदावरची नेहमीची जलचिन्हं. अ‍ॅमस्टरडॅमच्या ढालीवर तीन तिरके क्रॉस आहेत, आणि ते पाहून ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) लिहिणारे भेटतात. ती शहराची निशाणी आहे.

## टप्पा १: चित्र जागेवर काढलेलं आहे की टेबलावर?

पुढचे सगळे निष्कर्ष यावर अवलंबून आहेत. जागेवर काढलेल्या चित्रात वही मधोमध दुमडल्याची खूण असते, रंगांच्या नावांची टिपणं असतात, कडेला अर्धवट सोडलेली झाडं असतात, काळ्या खडूच्या हलक्या रेघांवर नंतर शाईने फिरवलेला हात दिसतो. टेबलावर जुळवलेल्या चित्रात चौकट आखलेली असते, ढग पूर्ण असतात, पुढच्या बाजूला गडद झाडाचा पडदा असतो आणि माणसं सोयीच्या जागी उभी असतात. कागदावर चौकोनी जाळी आखलेली असेल तर तो दुसऱ्या चित्रासाठीचा आराखडा.

हा फरक किती मोठा असतो ते याकोब फान राउसडालच्या कामात पाहता येतं. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आउडरकर्क इथल्या ज्यू दफनभूमीतल्या कबरींची त्याची दोन रेखाचित्रं हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहेत. कबरी जशा होत्या तशा काढल्या आहेत. त्याच कबरी घेऊन त्याने केलेली रंगचित्रं ड्रेस्डेन आणि डेट्रॉइट इथे आहेत. त्यांत भग्न वास्तू, वठलेलं झाड, वाहता ओढा आणि इंद्रधनुष्य येऊन बसलं आहे. आउडरकर्कला तसा देखावा नव्हता. मरण आणि आशा यांवर बोलायचं तर आधार या भरीत आहे, कबरींच्या रेखाटनात नाही.

तिसरी शक्यता नकलेची. अठराव्या शतकात जुन्या वास्तूंची चित्रं जमवणारे हौशी लोक बरेच होते आणि त्यांच्यासाठी काम करणारे चित्रकारही. कॉर्नेलिस प्रॉन्क (१६९१–१७५९) गावोगाव फिरून काढायचा. आब्राहम राडेमाकरने मात्र पुष्कळ चित्रं जुन्या चित्रांवरून केली. त्यामुळे त्याच्या चित्रांवर त्याच्या जन्माआधीची सालंही सापडतात.

तपासा: चित्रावरचं साल रेखाटनाचं आहे, पूर्ण केल्याचं आहे, की वास्तू तशी होती त्या काळाचं? पीटर सानरेडामने उट्रेक्टच्या मारियाकर्कची रेखाटनं १६३६ मध्ये केली आणि त्यांवरून त्या चौकाचं एक रंगचित्र १६६२ मध्ये. मधली २६ वर्षं विसरून १६६२ चा उट्रेक्ट त्यात शोधू नका.

## टप्पा २: दिशा लावा

मध्ययुगीन डच चर्चचा मनोरा सहसा पश्चिमेला आणि वेदीचा भाग, ज्याला कॉयर म्हणतात, पूर्वेला. उगवतीकडे तोंड करून प्रार्थना करण्याचा हा संकेत वास्तूतच बांधलेला आहे, म्हणून तक्त्यात पहिली ओळ याची: ‘पूर्व-पश्चिम अक्ष, ठेवणारा: मूळ बांधणारे’. चित्रकाराच्या खात्यात हे जात नाही.

आता तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवा. मनोरा डावीकडे आणि कॉयर उजवीकडे असेल तर तुम्ही दक्षिणेकडून पाहता आहात. उलट असेल तर उत्तरेकडून. यावरून उजेड तपासता येतो. हा देश साधारण ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर आणि हिवाळ्यात फक्त १५ अंशांच्या आसपास. म्हणजे दक्षिणेची भिंत उजळ आणि उत्तरेची सावलीत असायला हवी. उत्तर भिंत लख्ख दिसली तर तीन शक्यता: उन्हाळ्यातली अगदी पहाट किंवा उशिराची संध्याकाळ (जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो), चित्र उलटं झालेलं, किंवा चित्रकाराने सवयीने डावीकडून उजेड सोडलेला. ही सवय फार सार्वत्रिक होती. त्यामुळे ‘कॉयरवर पडलेला दैवी प्रकाश’ लिहिण्याआधी त्याच चित्रकाराची आणखी पाच चित्रं पाहा. पाचही चित्रांत उजेड डावीकडूनच आला तर विषय संपला.

चित्र उलटं होण्याचं कारण छपाई. ताम्रपटावरून छापताना डावं-उजवं बदलतं, म्हणून काही चित्रकार छपाईसाठीचं रेखाचित्र आधीच उलटं काढायचे. ओळखायच्या खुणा: डाव्या हाताने काम करणारी माणसं, उजव्या कमरेला लटकणारी तलवार, उलटी अक्षरं. चर्च आज उभं असेल तर उपग्रह नकाशावर पाच मिनिटांत खात्री होते. पाडलं असेल तर १८३२ च्या पहिल्या भूमापन नकाशात त्याचा पाया सापडू शकतो.

सावधान: कॉयर मुख्य दालनाच्या रेषेत नसून जरा कललेला असेल तर ‘क्रुसावर कललेलं ख्रिस्ताचं मस्तक’ हा अर्थ लगेच सुचतो. बांधकाम टप्प्याटप्प्याने, कधी शंभर वर्षांच्या अंतराने झालं की रेषा अशी सरकते. शिवाय हाताने काढलेल्या चित्रात तो कल यथार्थदर्शनाच्या चुकीनेही येतो. पायाचा नकाशा हाती नसेल तर हा मुद्दा लिहूच नका.

## टप्पा ३: त्या साली हे चर्च कोणाच्या ताब्यात होतं?

इथे सात तारखा पुरतात.

- १५६६: मूर्तिभंजनाची लाट.
- १५७२ नंतरची वर्षं: स्पेनविरुद्धच्या युद्धात हॉलंडमधली अनेक चर्चं आणि मठ जळाले. एगमंडचा मठ १५७३ मध्ये उद्ध्वस्त झाला.
- १५८० च्या आसपास: हॉलंड आणि उट्रेक्टमध्ये जाहीर कॅथलिक उपासनेवर बंदी.
- १६४८: शांतता करार. दक्षिणेकडच्या उत्तर ब्राबांट या भागातली गावं कॅथलिकच राहिली, पण चर्चच्या इमारती रिफॉर्म्ड मंडळींकडे गेल्या.
- १७९५ नंतर: धर्मसमानता. ब्राबांटमधली चर्चं हळूहळू कॅथलिकांकडे परत.
- १८२९: चर्चच्या आत दफन करण्यावर कायमची बंदी.
- १८५३: कॅथलिक बिशपांची पुन्हा नेमणूक. त्यानंतर दक्षिणेत उंच, टोकदार नवगॉथिक चर्चं उभी राहिली.

याचा उपयोग कसा करायचा? समजा चित्र १७४० चं आणि गाव ब्राबांटमधलं आहे. इमारत मध्ययुगीन कॅथलिक, ताबा मूठभर रिफॉर्म्ड लोकांचा, आणि गावातले बहुतेक लोक कॅथलिक. ते उपासनेला जात असत एखाद्या कोठारात, ज्याला बाहेरून क्रॉस, घंटा, मनोरा काहीही लावायची मुभा नव्हती. म्हणजे चित्राच्या कोपऱ्यातलं गवताने शाकारलेलं साधं कोठार हेच गावाचं खरं भरलेलं चर्च असू शकतं. गावाचा इतिहास तसं सांगत असेल तरच तक्त्यात लिहा, नाहीतर प्रत्येक गोठ्यात गुप्त चर्च दिसू लागेल.

सगळ्यांत जास्त चुका पडक्या कॉयरच्या बाबतीत होतात. मुख्य दालन शाबूत, त्यावर छप्पर, आणि पूर्वेचा भाग उघडा, भिंतींवर गवत: हे दिसलं की ‘ऐहिकाची क्षणभंगुरता’ असं लिहून मोकळे होतात. पण प्रवचनाभोवती चालणाऱ्या उपासनेला वेदीचा भाग लागत नव्हता. युद्धात जळाल्यावर मंडळीने हाती असलेल्या पैशात दालन दुरुस्त केलं आणि कॉयर तसाच सोडला, असं हॉलंडमध्ये अनेक ठिकाणी घडलं. धर्मबदलाचा तो रोकडा पुरावा आहे, आणि मला तरी तो क्षणभंगुरतेपेक्षा अधिक बोलका वाटतो.

तपासा: तक्त्यात आतापर्यंत अक्ष, इमारतीचा काळ आणि चित्राच्या सालचा ताबा या तीन ओळी आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: शेंड्यापासून पायापर्यंत

ट्रेसिंग पेपरवर इमारतीची बाह्यरेषा उतरवा आणि वरून खाली या. खालून सुरू केलं की माणसं आणि झाडं लक्ष खेचतात आणि शेंडा घाईत उरकला जातो.

शेंडा. नेहमीची रचना अशी: टोकावर गोळा, त्यावर लोखंडी क्रॉस, त्यावर वाऱ्याबरोबर फिरणारा कोंबडा. कोंबडा म्हणजे पेत्राच्या नकाराची आठवण आणि पहाटे जागवणारा, हा अर्थ जुनाच आहे आणि चुकीचा नाही. पण तो मनोऱ्याचा आहे. चित्रकाराने फक्त समोर दिसलं ते काढलं. ‘कोंबडा असेल तर प्रॉटेस्टंट, क्रॉस असेल तर कॅथलिक’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम सोडून द्या. कोंबडा धर्मसुधारणेच्या कितीतरी आधीपासून मनोऱ्यांवर आहे आणि कॅथलिक चर्चवरही बसतो. उलट क्रॉस काही रिफॉर्म्ड मनोऱ्यांवर राहून गेला आहे.

हंस दिसला तर थांबा. नेदरलँड्समध्ये आणि लगतच्या उत्तर जर्मनीत हंस ल्यूथरपंथी चर्चची खूण आहे. ल्यूथरच्या आधीचा चेक धर्मसुधारक यान हुस याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या भाकितामुळे हंस ल्यूथरशी जोडला गेला. घोडा दिसला तर चर्च कोणत्या संताच्या नावाचं होतं ते पाहा: ग्रोनिंगन शहरातल्या मार्टिनी मनोऱ्यावरचा घोडा संत मार्टिनचा आहे. जहाज असेल तर बंदराचं किंवा खलाशांचं गाव आहे का ते आधी बघा, मग ‘मंडळीचं तारू’ वगैरे.

एक व्यावहारिक मर्यादा. २० सेंटिमीटर रुंद चित्रात हा कोंबडा लेखणीच्या दोन फटकाऱ्यांचा असतो. कोंबडा, झेंडी आणि हंस यांत फरक करता येत नसेल तर ‘वातदर्शक, आकार अस्पष्ट’ एवढंच लिहा. फाइल आणखी मोठी केल्याने शाई वाढत नाही.

मनोरा आणि छप्पर. दुपाखी छपराचा बुटका मनोरा ग्रोनिंगन आणि फ्रीसलँडमध्ये नेहमीचा. त्यात नम्रतेचा संदेश शोधायचं कारण नाही. फ्रीसलँडमध्ये काही गावांत मनोराच नसतो आणि घंटा अंगणातल्या लाकडी चौकटीत टांगलेली असते, कारण मनोऱ्याला पैसे नव्हते. आठ बाजूंचं निमुळतं शिखर सुताराच्या सोयीचं असतं. आठ या आकड्याचा पुनरुत्थानाशी संबंध बाप्तिस्म्याच्या कुंडाबाबत जुन्या लेखनात येतो, छपराबाबत तो ताणू नये.

खिडक्या. गोल कमान जुनी, टोकदार कमान नंतरची. बुजवलेली खिडकी ही दुरुस्तीची नोंद. तीन खिडक्या दिसल्या म्हणून त्रैक्य लिहू नका. तुम्हाला एकच बाजू दिसते आहे आणि झाडामागे चौथी असू शकते.

दारं. उत्तरेच्या भिंतीत बुटकं, बुजवलेलं दार दिसलं की स्थानिक दंतकथा हजर होते: नॉर्समन (व्हायकिंग) लोकांनी गावकऱ्यांना उत्तरेकडे वाकून बाहेर पडायला लावलं म्हणून दार बुटकं. ही विटांची चर्चं बहुतांशी बाराव्या-तेराव्या शतकातली, आणि नॉर्समन धाडी मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकातल्या. हिशेब जुळत नाही. कॉयरच्या भिंतीतली खाली असलेली छोटी खिडकी ‘महारोग्यांसाठी’ होती असंही ठामपणे सांगितलं जातं. तिला ‘अंदाज’ या शब्दापलीकडे जागा देऊ नका.

उंचवटा. चर्च टेकाडावर असेल तर गुलगुथा, म्हणजे ख्रिस्ताला क्रुसावर दिलं ती जागा, आठवतो. उत्तरेकडच्या किनारपट्टीवर भरतीच्या पाण्यापासून वाचायला लोकांनी हाताने रचलेली टेकाडं आहेत, त्यांना टेर्प म्हणतात. फ्रीसलँडमधल्या होगेबाइंटमचं टेकाड समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊ मीटर उंच आहे. चर्च बांधलं गेलं तेव्हा टेकाड आधीपासून तिथे होतं.

## टप्पा ५: अंगण, कबरी, झाडं, माणसं

उभे कबरदगड दिसले तर साल पुन्हा पाहा. श्रीमंतांचं दफन १८२९ पर्यंत चर्चच्या आत फरशीखाली चालत असे, बाहेर गरीब आणि सामान्य लोक. त्यामुळे सतराव्या शतकातल्या अंगणात मोठ्या दगडांची गर्दी असेल तर चित्र नंतरचं किंवा जुळवलेलं असण्याचा संशय घ्या. तुटका खांब आणि उलटी मशाल ही चिन्हं मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची. कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ त्याआधीपासूनची.

फ्रीसलँडमधल्या कबरदगडांवर तीन त्रिदल पानं आणि अर्धा गरुड दिसतो. पानांना त्रैक्य आणि गरुडाला शुभवर्तमानकार योहानाचं चिन्ह समजण्याची चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी सांगायलाच हवी. ही शेतकरी घराण्यांची कुलचिन्हं: पानं जमीनधारकाची, अर्धा गरुड फ्रीसलँडचा.

शेतघराच्या आवारात नक्षीदार दगडी कुंड दिसलं तर मात्र नीट बघा. धर्मसुधारणेनंतर बाप्तिस्म्याची जुनी कुंडं चर्चबाहेर गेली आणि त्यांतली काही गुरांना पाणी पाजायच्या कामी लागली.

वठलेल्या झाडासाठी एकच चाचणी: बाकीची झाडं पालवलेली आहेत का? सगळी उघडी असतील तर हिवाळा आहे. एकच उघडं, तेही पुढच्या बाजूला आणि चर्चच्या रेषेत, तर चित्रकाराचा हात संभाव्य. काठी घेतलेला माणूस यात्रेकरू ठरवायला टोपीवर किंवा झग्यावर शिंपला हवा. नुसती काठी सगळ्यांकडेच असते.

## टप्पा ६: चित्र आतल्या बाजूचं असेल तर

आधी पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच कठडा, शोधा. कॅथलिक काळात दालनाचा रोख पूर्वेच्या वेदीकडे असे. रिफॉर्म्ड मंडळीने बाकं पुलपिटभोवती वळवली आणि पुलपिट पुष्कळदा लांब भिंतीच्या किंवा खांबाच्या कडेला आलं. बसलेल्या लोकांच्या पाठी कुठे आहेत यावरून उपासनेचा मध्य कळतो, आणि या चित्रातलं सर्वांत मोठं धर्मचिन्ह बहुधा तेच असतं: माणसं बसण्याची दिशा.

सानरेडामचं आसेनडेल्फ्टच्या संत ओडुल्फ चर्चचं १६४९ चं चित्र राइक्सम्युझियममध्ये आहे. ते रंगचित्र असलं तरी त्याची पद्धत रेखाटनाचीच: आधी जागेवर रेखाटन, मग मोजमापांचा आराखडा, मग रंग. पाहणारा कॉयरमध्ये उभा आहे, तोंड पश्चिमेकडे. समोरची फरशी जवळजवळ रिकामी. दूरवर पुलपिटभोवती मंडळी प्रवचन ऐकते आहे. म्हणजे जिथे पूर्वी वेदीचं माहात्म्य होतं ती जागा आता फक्त पाहण्याची झाली आहे. पुढच्या फरशीत एक कबरदगड आहे, त्यावर चित्रकाराच्या वडिलांचं, यान सानरेडामचं नाव. हा दगड तिथे असणं गावाचं. तो असा पुढे आणून वाचता येईल असा काढणं चित्रकाराचं. एकाच वस्तूला तक्त्यात दोन ओळी लागतात त्या अशा.

मग भिंती. पांढरा चुना हे रिकामेपण नसतं, त्याखाली बऱ्याचदा जुनी भित्तिचित्रं असतात. दहा आज्ञांचा किंवा शास्त्रवचनांचा फलक मूर्तींची जागा घेतो. तो कुठे टांगला आहे ते लिहा, कॉयरच्या तोंडाशी असेल तर विशेष. तिरप्या चौकोनातले काळे फलक हे मृतांच्या कुलचिन्हांचे शोकफलक असतात. १७९५ च्या क्रांतीनंतर कुलचिन्हं काढून टाकण्याचे हुकूम निघाले आणि पुष्कळ फलक नष्ट झाले. त्यामुळे नंतरच्या चित्रांत ते नसणं अपेक्षितच. होगेबाइंटममध्ये सोळा टिकले आहेत.

कुत्रा दिसला तर निष्ठा आणि उघडी कबर दिसली तर मरणाची आठवण, हे दोन्ही घाईचे अर्थ. कुत्री चर्चमध्ये खरोखर शिरत, इतकी की त्यांना हाकलायला पगारी माणूस ठेवलेला असे. फरशीखालच्या कबरी वरचेवर उघडल्या जात. हे चित्रकाराने अर्थासाठी वापरलं नाही असं नाही, पण तसं म्हणायला पुढच्या टप्प्यातला एखादा पुरावा हवा.

## टप्पा ७: चित्रकाराचा हेतू सिद्ध करा

तक्त्यात ‘चित्रकार’ असं लिहिलेल्या ओळी बाजूला काढा. प्रत्येकीला तीन प्रश्न. त्याच चर्चच्या दुसऱ्या चित्रातून ही वस्तू गायब आहे का? ती जागेशी, ऋतूशी किंवा उजेडाशी विसंगत आहे का? चित्राखाली, मागे किंवा चित्रकाराच्या पत्रात तिच्याबद्दल शब्द आहेत का? दोन उत्तरं अनुकूल आली तर ‘संभाव्य’. तिसरंही आलं तर ‘पक्की’. दोनांहून कमी आली तर ‘अंदाज’.

तिसरं उत्तर सहसा मिळत नाही. मिळतं तेव्हा कसं दिसतं यासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा न्यूनेनमधला जुना मनोरा घ्या. वडील त्या कॅथलिक ब्राबांटमधल्या छोट्या रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक. १८८४ मध्ये व्हिन्सेंटने बागेच्या शाईतल्या रेखाचित्रांत हा मनोरा मागे काढला. मार्च १८८५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी मनोरा पाडायला सुरुवात झाली आणि त्याने भोवतालच्या कबरींसह त्याचं रंगचित्र केलं. भावाला लिहिलेल्या पत्रात तो स्वतः सांगतो की पक्क्या पायावरची श्रद्धाही कशी झिजून गेली आणि शेतकऱ्यांचं जगणं-मरणं मात्र त्या दफनभूमीतल्या गवता-फुलांसारखं तसंच चालू राहिलं, हे त्याला दाखवायचं होतं. इथे अर्थ पक्का आहे.

सावधान: हा पक्केपणा १८८५ च्या चित्राचा. पत्र १८८४ च्या बागेच्या रेखाचित्रांना मागे नेऊन लावू नका. त्यांत तोच मनोरा आहे, पण पत्र त्यांच्याबद्दल नाही. आणि व्हॅन गॉगचा सूर प्रॉन्कच्या चित्रांना तर मुळीच लावू नका. प्रॉन्कचं गिऱ्हाईक गावाची नोंद मागत होतं.

## टप्पा ८: लिहिताना

तक्त्याचा क्रमच लेखाचा क्रम ठेवा: आधी इमारतीची चिन्हं, मग मंडळीने केलेले बदल, शेवटी चित्रकाराची निवड. प्रत्येक विधानाचा कर्ता वाक्यात दिसू द्या. ‘कोंबडा जागृतीचं प्रतीक आहे’ याऐवजी ‘मनोऱ्यावर परंपरेने बसवलेला कोंबडा चित्रकाराने दोन रेघांत उतरवला आहे’. ‘पक्की’ असेल तिथे साधं विधान, ‘संभाव्य’ असेल तिथे कारण जोडून, आणि ‘अंदाज’ असलेल्या ओळींपैकी फार तर एक लेखात घ्या, तीही अंदाज आहे असं म्हणून.

साधारण डझनभर ओळींच्या तक्त्यात चित्रकाराच्या नावे दोन-तीनच ओळी उरल्या तर तक्ता बरोबर भरला आहे असं समजा. निम्म्याहून जास्त त्याच्या नावे असतील तर टप्पा ३ पुन्हा करा, कारण मंडळीने केलेले बदल बहुधा तिथेच राहून गेलेले असतात.